पुनरुत्थान, पुनर्जन्म आणि आठशे पानांचा एक युक्तिवाद

सिनॉप्सिस लिहिताना गाइड सांगतात, आधी संज्ञा स्पष्ट करा. हे काम किती खोल जाऊ शकतं ते बघायचं असेल तर एन. टी. राइट यांचं ‘द रिझरेक्शन ऑफ द सन ऑफ गॉड’ (2003) हातात घ्या. आठशेहून जास्त पानं, आणि प्रश्न एकच: येशू मेलेल्यांतून उठला हा विश्वास आला कुठून? लेखक बायबलचे अभ्यासक आणि अँग्लिकन बिशप आहेत. मी विज्ञानाचा विद्यार्थी, त्यामुळे देव आहे की नाही यात पडत नाही, युक्तिवाद कसा बांधलाय तेवढं बघतो.

पूर्वार्ध उत्तम आहे. आपल्याकडे प्रश्नावलीत ‘मृत्यूनंतर जीवन आहे असं मानता का?’ एवढं विचारून लोक मोकळे होतात. हाच प्रश्न चंद्रपूर-गडचिरोलीत विचारून बघा. कुणी पुनर्जन्म मनात धरून ‘हो’ म्हणेल. भामरागडकडे माडिया लोक मृतांसाठी दगड उभे करतात, तिथलं ‘हो’ बहुधा पूर्वजांबद्दल असेल. ख्रिस्ती माणसाचं ‘हो’ तिसरंच. आणि एक्सेलमध्ये तिघंही एकाच रकान्यात!

राइट दाखवतात की पहिल्या शतकातल्या ज्यू लोकांत पुनरुत्थान म्हणजे आत्मा स्वर्गात जाणं नव्हे. मेलेला माणूस काही काळ मेलेलाच राहणार आणि शेवटी देव त्याला देहासकट उठवणार, अशी ती दोन टप्प्यांची कल्पना. मराठी शब्दांतही हा फरक आहे. पुनर्जन्मात जन्म नवा, देह दुसरा. पुनरुत्थानात तोच माणूस पुन्हा उठतो. म्हणून देहाचं काय करायचं हा ख्रिस्ती लोकांना किरकोळ प्रश्न वाटत नाही. कॅथलिक चर्चने दहनाला 1963 मध्ये परवानगी दिली, पण 2016 मध्ये पुन्हा बजावलं की राख उधळू नका, घरी ठेवू नका.

आता उत्तरार्ध. राइट म्हणतात, मसीहा मानलेले इतरही नेते मारले गेले. उदाहरणार्थ इ.स. 135 मध्ये बार कोखबा. त्यांच्या अनुयायांनी ‘आमचा नेता उठला’ असं म्हटलं नाही. येशूच्याच शिष्यांनी का म्हटलं? हा चक्क कंट्रोल ग्रुप आहे, आणि मला तो पटतो. पण सॅम्पल हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं, आणि हरलेल्या चळवळींची कागदपत्रं तुटपुंजी. शिवाय 1994 मध्ये न्यूयॉर्कला लुबाविच पंथाचे रेबी वारले, तरी काही अनुयायी त्यांना अजून मसीहा मानतात. ते ‘परत येतील’ म्हणतात, ‘उठले’ म्हणत नाहीत, हे राइट यांच्या बाजूचं. पण नेता मेला की आशा संपते, हा नियम काही पक्का राहत नाही.

मग येतो मुख्य दावा: रिकामी कबर आणि शिष्यांना झालेलं दर्शन, दोन्ही मिळूनच हा विश्वास तयार होऊ शकतो. एकटी कबर असती तर चोरीचा संशय, एकटं दर्शन असतं तर भास. तर्क नीट आहे. अडचण डेटाची. सर्वांत जुना साक्षीपुरावा पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातला, साधारण इ.स. 54-55 चा. त्यात दर्शन झालेल्यांची यादी आहे. कबर रिकामी सापडल्याचा उल्लेख नाही, स्त्रियांचाही नाही. राइट यांचं उत्तर: ‘पुरला आणि उठला’ म्हटल्यावर कबर रिकामी हे आलंच. स्त्रियांची साक्ष तेव्हा हलकी धरत, म्हणून कुणी ती रचली नसती, असंही ते म्हणतात. हा मुद्दा चांगला आहे. पण मार्कच्या जुन्या हस्तलिखितांत शुभवर्तमान 16:8 ला थांबतं: स्त्रिया घाबरून पळतात, कुणाला काही सांगत नाहीत. इथे राइट मूळ शेवट हरवला असावा असं मानतात. असेलही. पण हा तर्क त्यांच्या निष्कर्षाला फारच सोयीचा आहे.

माझी मोठी तक्रार वेगळी आहे. राइट यांच्या तुलनेचा नकाशा भूमध्य समुद्राभोवतीच संपतो. पुनर्जन्म मानणाऱ्या शेजाऱ्यांत राहून पुनरुत्थान मानणं म्हणजे काय, हे त्यात सापडत नाही. आपल्याकडे बल्लारपूरला मुख्यालय असलेला चांदा धर्मप्रांत आहे. केरळच्या सिरो-मलबार चर्चचं हे काम इथे 1962 मध्ये सुरू झालं. ही मंडळी परंपरेने आपलं नातं संत थॉमसशी सांगतात, म्हणजे जखमांत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणाऱ्या शिष्याशी. ईस्टरनंतरच्या रविवारी त्याचीच आठवण करतात. त्या कथेत उठलेल्या देहावर खिळ्यांचे व्रण तसेच आहेत. सोसलेलं पुसलं गेलं नाही, तरी माणूस परत मिळाला. ज्यांनी घरातलं माणूस मातीत ठेवलंय त्यांना ईस्टर बळ देतो तो यामुळे. रिकाम्या कबरीच्या शक्यतेचा हिशेब तिथे कुणी मांडत नाही.

वेळ कमी असेल तर ज्यूंच्या समजुतींवरचा भाग वाचा आणि थेट 18व्या प्रकरणावर या. पेन्सिल जवळ ठेवा. जिथे जिथे ‘म्हणून’ येतं तिथे रेघ मारा आणि त्याच्या आधीचं वाक्य पुरावा आहे की गृहीतक, ते समासात लिहा.