उताराची दाद

सायकल शर्यतीत सगळा मान चढणीला मिळतो. आपल्या मुंबई–पुणे शर्यतीतही बोरघाट सर्वात आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून मिरवतात. टूर द फ्रान्सने 1933 मध्ये डोंगर चढणाऱ्यांचे गुण वेगळे मोजायला घेतले आणि 1975 पासून त्यातल्या अव्वल स्वाराच्या अंगावर लाल ठिपक्यांची पांढरी जर्सी आली. उतरणाऱ्याच्या वाट्याला गुणही नाहीत आणि जर्सीही नाही. प्रेक्षकसुद्धा चढणीवरच दाटीवाटीने उभे राहतात. तिथे स्वार हळू जातो, त्याचा वासलेला जबडा दिसतो, धाप ऐकू येते, त्याच्या कानाशी ओरडता येते. उतारावर उभे राहिले तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तो दिसेनासा होतो.

तरीही डोंगरी खोऱ्यातल्या सायकलिंगचा एकच नमुना रसिकासमोर ठेवायचा झाला, तर मी एक उतार निवडेन. 14 जुलै 2022 चा टूरचा बारावा टप्पा: ब्रियाँसाँ ते आल्प द्युएझ, सुमारे 165 किलोमीटर. विजेता टॉम पिडकॉक, वय 22, पहिलीच टूर. निकालाच्या नोंदीत हा विजय आल्प द्युएझच्या चढणीवर लागलेला आहे. तो घडला मात्र बराच आधी, गालिबिये खिंडीच्या पलीकडच्या अंगाला.

या टप्प्याचा नकाशा नद्यांच्या अंगाने पाहिला की चटकन उलगडतो. ब्रियाँसाँ हे द्युराँस नदीच्या खोऱ्यातले तटबंदीचे गाव. तिथून गिझान या छोट्या नदीच्या उगमाकडे जात 2058 मीटरवरची लोतारे खिंड गाठायची, उजवीकडे वळून 2642 मीटरवरच्या गालिबियेवर चढायचे. पलीकडे व्हालवार गावापर्यंत उतरायचे, तेलेग्राफ खिंडीचा छोटा उंचवटा पार करायचा आणि थेट आर्क नदीच्या खोऱ्यात, मोरियेनमध्ये पडायचे. तिथून 29 किलोमीटर चढून क्रवा द फेर, पलीकडे ओ द’ऑल नदीच्या सोबतीने उतरत रोमाँशचे खोरे, आणि शेवटी आल्प द्युएझ. आर्क थेट आणि रोमाँश द्राक नदीतून, दोघी शेवटी इझेरला मिळतात. द्युराँस वेगळ्या वाटेने जाते. आणि सगळ्यांचे पाणी अखेर रोनमध्ये जाते. खिंड चढताना स्वार पाण्याच्या विरुद्ध असतो, ओलांडली की पाण्याच्या बाजूचा होतो. हा पालट होतो त्या जागी फलक असतो, कॅमेरे असतात, गुण वाटले जातात. बहुतेकांचे पाहणे तिथेच थांबते. माझे तिथून सुरू होते.

गालिबिये टूरमध्ये पहिल्यांदा आला 1911 साली. पुढे कित्येक वर्षे शर्यत 2556 मीटरवरच्या बोगद्यातून जात असे. 1976 मध्ये बोगदा बंद पडला, डोक्यावरून नवा रस्ता काढला गेला आणि 1979 पासून स्वार खऱ्या माथ्यावरून जाऊ लागले. उत्तरेकडच्या या उताराचे दोन भाग पडतात आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा. वरच्या भागात एक झाड नाही. गवत, दगडगोटे, अधूनमधून बर्फाचे पांढरे चट्टे. वळणामागून वळण, आणि झाडोरा नसल्यामुळे खालची दोन-तीन वळणे आधीच नजरेत येतात. प्लाँ लाशा या ठिकाणाच्या खाली दरी पसरते, रस्ता बराचसा सरळ होतो आणि व्हालवारपर्यंत तसाच धावतो. सरळ उतारावर वजनदार स्वाराचा फायदा: हवेचा अडथळा त्याला त्याच्या वजनाच्या मानाने कमी जाणवतो. पिडकॉक बुटका आणि हलका. म्हणजे त्याला जे कमवायचे ते वरच्या वळणांवरच.

आता एक वळण सावकाश पाहू. शर्यतीसाठी वाहतूक बंद असते, त्यामुळे रस्त्याची सगळी रुंदी स्वाराची. तो बाहेरच्या कडेने येतो. ब्रेक लावायचा तो इथेच, सायकल अजून उभी आहे तोवर. मग बाहेरचा पाय पेडलवर खाली ताठ, सगळा भार त्याच्यावर. आतला गुडघा किंचित उघडा. सायकल आडवी कलते, पण डोके क्षितिजाशी समांतर राहते. डावीकडे वळायचे तर डावाच हात हँडलला हलकेच पुढे रेटतो. ऐकायला उलटे वाटते, पण सायकल कलते ती अशीच. नजर पुढच्या चाकावर नाही, वळण संपते तिथे. आतल्या कडेला जवळजवळ स्पर्श करून तो पुन्हा बाहेरच्या कडेकडे वाहत जातो. या सगळ्याला लागतात तीन-चार सेकंद, आणि रस्त्याला चिकटलेले असते ते दोन बोटे रुंद रबर.

चांगला उतरणारा आणि थोर उतरणारा यांच्यातला फरक ब्रेकमध्ये आहे. भित्रा स्वार ब्रेक लवकर लावतो आणि वळणातही सोडत नाही. टायरची पकड एकच असते. ती वेग मारण्यात खर्च केली तर वळायला उरत नाही. मग तो वळणाच्या मध्यात बाहेर फेकला जातो, पुन्हा दुरुस्ती करतो, आणि त्याचा मार्ग तुकड्यातुकड्यांचा होतो. पिडकॉक ब्रेक उशिरा लावतो, थोडाच वेळ लावतो आणि वळणात शिरताना मोकळा सोडतो. त्याच्या वळणाची रेघ एका हाताने ओढलेली असते. त्या दिवशी त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या घरात गेल्याचे सांगितले गेले. तो आकडा सरळ रस्त्यावरचा आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो वळणाच्या तोंडाशी न गमावलेला वेग.

ही सवय आली कुठून? 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने माउंटन बाइकचे सुवर्ण जिंकले होते, आणि 2022 च्या जानेवारीत सायक्लोक्रॉसचे जगज्जेतेपद. चिखलात, मुळांवर, ओल्या दगडांवर चाक रोजच घसरते. तिथे वाढलेल्या स्वाराला घसरण्याची सुरुवात ओळखू येते आणि ती ओळखूनही हात शांत ठेवता येतो. डांबरावर वाढलेल्याला तो क्षण बहुधा पडतानाच भेटतो.

मुख्य समूहातून असा सुटलेला पिडकॉक पुढे असलेल्या क्रिस फ्रूमपर्यंत पोहोचला आणि दोघे मिळून आघाडीच्या तुकडीकडे निघाले. या जोडीत जाणकाराला उताराच्या दोन पिढ्या शेजारी दिसतात. 2016 मध्ये याच फ्रूमने पेरसूर्दवरून लुशाँकडे उतरताना सीट सोडून सायकलच्या आडव्या नळीवर बैठक मारली, छाती हँडलवर टेकवली, त्याच अवस्थेत पेडल मारले आणि टप्पा जिंकून पिवळी जर्सी घेतली. तो उतार अंगाच्या घडीचा होता: हवेला चुकवायचे, बाकी सरळ रस्ता सांभाळून घेईल. ही बैठक जागतिक संघटनेने 1 एप्रिल 2021 पासून बंद केली. पिडकॉकच्या उताराची करामत नियमाच्या चौकटीतली, पूर्णपणे वळणातली. त्यात फ्रूम 2019 मधल्या भयंकर अपघातानंतर हाडे सांधून परतलेला. एकाला पडण्याची किंमत पुरती ठाऊक, दुसऱ्याला अजून नाही. तरी थोरला धाकट्याच्या सोबत राहिला. त्या दिवशी तो तिसरा आला. अपघातानंतरची ती त्याची सर्वात मोठी कामगिरी.

दुसरा उतार, क्रवा द फेरचा, वेगळ्या वळणाचा आहे. ग्राँमेझाँ धरणाच्या जलाशयाच्या कडेने रस्ता खाली येतो, अरुंद घळीत शिरतो आणि मधेच अंगावर येणारी चढण समोर उभी करतो. इथे नुसता वेग कामाचा नाही. पाय पुन्हा जागे करावे लागतात. मग रोमाँशच्या खोऱ्यातली सपाटी. ही सपाटी आली कशी? बाराव्या शतकाच्या अखेरीस दरड कोसळून नदी अडली, इथे मोठे तळे साचले आणि 1219 मध्ये बांध फुटून खालच्या ग्रेनोब्ल शहराची वाताहत झाली. हिमनदीने कोरलेल्या दरीचा असा गाळाने भरलेला तळ, आणि त्याला लागून एकदम उभी राहणारी भिंत. आल्प द्युएझची चढण म्हणूनच कसलीही प्रस्तावना न करता सुरू होते. सरासरी 8.1 टक्के, लांबी 13.8 किलोमीटर, 21 वळणे, आणि वळणांचे क्रमांक एकवीसपासून उतरत एकपर्यंत. वळणावर रस्ता जरा सपाट होतो, तेवढाच श्वास. पिडकॉकने साधारण दहा किलोमीटर उरले असताना सोबत्यांना मागे टाकले आणि लुई माइंतजेसच्या 48 सेकंद आधी माथा गाठला. या चढणीवर जिंकणारा तो सर्वात तरुण स्वार ठरला. चढणीवरचे ते पाय अस्सल होतेच. पण गालिबियेवरून तसा उतरला नसता, तर त्या तुकडीत त्याचे नावच नसते.

मग उतारालाही बक्षीस का नको? 2017 मध्ये जिरो द’इटालियाच्या आयोजकांनी सर्वोत्तम उतरणाऱ्यासाठी बक्षीस जाहीर केले. स्वारांनी आवाज उठवला आणि ते मागे घ्यावे लागले. आवाज रास्त होता. 1995 च्या टूरमध्ये पोर्ते दास्पेच्या उतारावर फाबियो कासार्तेली गेला. पिडकॉकच्या विजयानंतर वर्षभराच्या आत, 2023 च्या जूनमध्ये, स्वित्झर्लंडच्या शर्यतीत आल्बुलाच्या उतारावर जिनो मेडर गेला. वीर, अद्भुत आणि भयानक हे तिन्ही रस इथे एकाच पात्रात येतात, आणि त्यातला भयानक खरा असतो. चढणीवर हरलेला स्वार फक्त मागे पडतो. उतारावर चूक झाली तर दुसरी संधी मिळेलच असे नाही. अशा ठिकाणी घड्याळ लावून बक्षीस वाटणे म्हणजे विसाव्या नंबरच्या स्वारालाही नको तो जुगार खेळायला लावणे.

म्हणून उताराचे रसग्रहण प्रेक्षकानेच करावे, आयोजकाने नाही. त्या टप्प्याचे चित्रण पुन्हा पाहाल तेव्हा पडद्यावरचा वेगाचा आकडा सोडून द्या. स्वाराची बोटे ब्रेकवरून कधी उठतात तेवढे पाहा. बोटे उठतात त्या क्षणी त्याने ते वळण पूर्ण समजून घेतलेले असते. ते समजणे टिपता आले की पुढे कुठलाही उतार पाहताना आपण अपघाताची वाट पाहत बसत नाही. तो अपघात प्रत्येक वळणावर कसा टाळला जातो आहे, ते पाहू लागतो.