पेपर वाचताना: अल्फा सेंटॉरीचा हरवलेला ग्रह

बाह्यग्रहांवर पीएचडी करायचा विचार असेल, तर झेवियर द्युमुस्क आणि सहकाऱ्यांचा २०१२ चा 'नेचर'मधला पेपर दोनदा वाचा. दावा असा होता: सुमारे ४.३ प्रकाशवर्षांवरच्या अल्फा सेंटॉरी बी या ताऱ्याभोवती, साधारण पृथ्वीएवढ्या वस्तुमानाचा एक ग्रह ३.२४ दिवसांत फेरी मारतो.

पहिल्या वाचनात पेपर भारीच वाटतो. चिलीतल्या ला सिला वेधशाळेत हार्प्स या उपकरणाने २००८ ते २०११ मध्ये घेतलेली साडेचारशेच्या वर निरीक्षणं. ग्रहाच्या ओढीने ताऱ्याचा वेग बदलतो तो सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर, रमतगमत चालण्यापेक्षाही कमी. जोडीदार तारा, ताऱ्यावरचे डाग, त्याचं स्वतःभोवती फिरणं या सगळ्याचा हिशेब २३ पॅरामीटरच्या मॉडेलने वजा केला. उरलेला संकेत निव्वळ योगायोग असण्याची शक्यता काढली ०.०२ टक्के.

दुसऱ्या वाचनात याच आकड्यापाशी थांबा. तो वजाबाकीनंतर उरलेल्या वेगांवर काढलाय. वजाबाकी करतानाच काही तयार झालं असेल, तर ते त्यात दिसणार कसं? २०१३ मध्ये आर्टी हात्झेस यांनी तीच निरीक्षणं वेगळ्या पद्धतीने साफ केली, तेव्हा संकेत डळमळला. मग २०१५ मध्ये विनेश राजपाल, सुझान एग्रेन आणि स्टीफन रॉबर्ट्स यांनी ग्रहच नसलेल्या ताऱ्याचा कृत्रिम डेटा बनवला, निरीक्षणाच्या वेळा मात्र मूळच्याच ठेवल्या. ३.२४ दिवसांचा 'ग्रह' तिथेही सापडला! दिवस-रात्र, ऋतू, दुर्बीण कधी मिळते यांमुळे निरीक्षणांच्या वेळांनाच एक ताल असतो. संकेत त्या तालातून आला होता.

म्हणून पेपर टाकाऊ ठरतो का? मला नाही वाटत. लेखकांनी डेटा खुला ठेवला, म्हणून तर तो तपासता आला. ग्रह बहुधा नाही, हे द्युमुस्क यांनीही मान्य केलं. पेपर कमी पडतो तो विश्वास मोजण्यात: इतक्या नाजूक संकेताला एका पद्धतीतून आलेला एक आकडा पुरत नाही.

तुमच्या विश्लेषणात काही सापडलं, की गाइडकडे धावण्याआधी एवढं करा. त्याच वेळांचा, पण ग्रह नसलेला डेटा बनवा आणि आपलाच कोड त्यावर चालवा. तिथेही 'शोध' लागला, तर तो आपल्याच खोलीत लागलेला बरा.