कडूची पारख

दिवाळीच्या पहाटे कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावणाऱ्या आपल्या मंडळींना कडूचे वावडे नाही. परंतु अधिक कडू ते अधिक सरस, हा नवा दंडक मात्र खरा नव्हे. कॅलिफोर्नियातील सांता रोझा येथील ‘रशियन रिव्हर’ या भट्टीची ‘प्लिनी दि एल्डर’ ही बिअर त्याची साक्ष देते. प्राचीन रोमन ग्रंथकाराचे नाव धारण करणाऱ्या या पेयात हॉपच्या वेलीची फुले सढळ हाताने घातलेली असतात. मद्यार्क 8 टक्के. तरीही प्रथम जाणवतो तो पाइनचा आणि पपनसाच्या सालीचा गंध. कडूपणा मागाहून येतो, रेंगाळतो. माल्टची बेताची गोडी त्याला आवरते. हा तोल हेच तिचे यश होय.

हा गंध मात्र अल्पायुषी. उष्णतेने आणि काळाने तो विरतो. ताजीच प्या, असे बाटलीवरच बजावलेले असते ते यासाठीच. शिळ्या बाटलीला पडलेले गुण करणाऱ्याचे नव्हेत, प्रवासाचे असतात.

ताज्या पेल्याला 10 पैकी 9. एक गुण कापला, कारण मद्याचा जोर ती इतका लपवते, की दुसरा पेला विचार न करता मागितला जावा.