धोक्याची व्याप्ती कोण ठरवते? : कोल्हापूरचे बॉक्साइट उत्खनन आणि पश्चिम घाटाविषयीची सार्वजनिक चर्चा

प्रास्ताविक :
खनिज उत्खननामुळे पर्यावरणाला संभवणाऱ्या धोक्यांविषयीची चर्चा बहुधा ‘धोका आहे’ आणि ‘धोका नाही’ अशा दोन पक्षांत विभागली जाते. मात्र धोका नेमका कोणत्या कृतीचा, किती अंतरापर्यंत आणि कोणत्या काळात मोजायचा, हे त्यापूर्वीच कोणीतरी ठरवलेले असते. या निर्णयावर सहसा चर्चा होत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील बॉक्साइट उत्खनन आणि पश्चिम घाटातील संवेदनशील क्षेत्राचा वाद यांच्या आधारे या उणिवेची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

फ्रॅकिंगचा वाद :
जमिनीत खोलवर असलेल्या शेल खडकात पाणी, वाळू व रसायने यांचे मिश्रण प्रचंड दाबाने सोडून खडकाला भेगा पाडणे व त्यातील वायू किंवा तेल मिळवणे, या तंत्राला फ्रॅकिंग म्हणतात. ‘गॅसलँड’ (२०१०) या माहितीपटाने अमेरिकेतील हा वाद सर्वदूर पोहोचवला. भेगा पाडण्याची क्रिया पिण्याच्या पाण्याच्या थरांखाली फार खोल होते, म्हणून ते पाणी सुरक्षित आहे, असे उद्योगक्षेत्र सांगत राहिले. टीकाकारांच्या मते वायूविहिरीचे अस्तर गळणे, रसायने सांडणे आणि सांडपाण्याची विल्हेवाट या बाबीही फ्रॅकिंगमध्येच मोडतात. शब्द एकच असला तरी त्याची व्याप्ती भिन्न होती. २००५ च्या ऊर्जा कायद्याने तर डिझेलचा अपवाद वगळता फ्रॅकिंगची द्रव्ये पेयजल सुरक्षा कायद्यातील भूगर्भीय अंतःक्षेपणाच्या व्याख्येतूनच वगळली. पुढे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पाणी उपसण्यापासून सांडपाण्यापर्यंतचे संपूर्ण चक्र अभ्यासले. २०१५ च्या मसुद्यात व्यापक दुष्परिणामांचा पुरावा आढळला नसल्याचे विधान होते. शास्त्रीय सल्लागार मंडळाच्या आक्षेपानंतर २०१६ च्या अंतिम अहवालातून ते वगळण्यात आले आणि काही परिस्थितींत पेयजलावर परिणाम होऊ शकतो, असा निष्कर्ष नोंदवला गेला.

सडा आणि खाण :
कोल्हापूरच्या बेसाल्टी भूमीत फ्रॅकिंगचा प्रश्न उद्भवत नाही. व्याख्येचा प्रश्न मात्र येथेही तोच आहे. राधानगरी, शाहूवाडी, चंदगड या तालुक्यांतील सड्यांवर बेसाल्टवर जांभ्याचे आवरण आहे आणि बॉक्साइट त्या आवरणातच सापडते. सच्छिद्र जांभा पावसाचे पाणी मुरवतो व ते उतारावरील झऱ्यांना सावकाश पुरवतो. खाणीत काढले जाते ते हेच आवरण. पंचगंगेला मिळणाऱ्या कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्यांचे उगम याच पश्चिमेकडील डोंगररांगांत आहेत. म्हणून उत्खनन म्हणजे भाडेपट्ट्याच्या हद्दीतील खोदकाम एवढाच अर्थ घेतला, तर नुकसान काही हेक्टरांपुरते दिसते. सड्याच्या पाणीव्यवस्थेसह विचार केला, तर त्याच खाणीचा हिशेब खालच्या वाडीतील झऱ्यापर्यंत जातो. रोजगार आणि महसूल यांचा युक्तिवाद खोटा नाही. तथापि तो पहिल्या अर्थावर उभा आहे.

व्याख्येइतकाच मोजणीचा काळही महत्त्वाचा आहे. खाणींच्या आघात मूल्यांकनासाठी प्रचलित असलेल्या प्रमाण अटींत पावसाळा वगळून एका ऋतूची पायाभूत माहिती मागितली जाते. सड्यावरील वनस्पतींचे जीवनचक्र प्रामुख्याने पावसाळ्यात पूर्ण होते आणि पाणी मुरण्याचा काळही तोच असतो. ज्या ऋतूत सडा जिवंत असतो, तोच ऋतू मोजणीतून सुटतो. अशा अहवालातील प्रत्येक आकडा अचूक असला, तरी चित्र अपुरे राहते.

‘संवेदनशील’ या शब्दाचे भवितव्य :
प्रा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल सादर केला. संपूर्ण पश्चिम घाट संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर सुचवताना अंतिम सीमा व नियम ग्रामसभांशी विचारविनिमय करून ठरवावेत, अशी त्याची भूमिका होती. डॉ. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने एप्रिल २०१३ मध्ये उपग्रह प्रतिमांच्या आधारे सुमारे ३७ टक्के क्षेत्र निश्चित केले व गाव हे एकक मानले. त्यानंतर जनचर्चा ‘आमचे गाव यादीत आहे की नाही’ या एका प्रश्नावर येऊन थांबली. केंद्र शासनाच्या मसुद्यांत खाणींवर बंदी आहे. मालमत्तेच्या हस्तांतरावर किंवा राहत्या घराच्या दुरुस्तीवर नाही. तरीही गावोगाव भीती पसरली ती शेती आणि घरे यांविषयीच. या भीतीला केवळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे ठरेल. मूळ अहवाल इंग्रजीत होता आणि ज्यांच्या जमिनीविषयी तो होता, त्यांच्यापर्यंत प्रथम यादी पोहोचली, विवेचन नंतर. अभ्यासकांनीही मराठीत समजावण्यापेक्षा टक्केवारीचाच वाद अधिक घातला.

मार्च २०१४ ते जुलै २०२४ या काळात अधिसूचनेचे एकूण सहा मसुदे निघाले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा आहे; वायनाडमधील भूस्खलन त्याच्या आदल्या दिवशीचे. त्यात ५६,८२५.७ चौ. कि.मी. क्षेत्र प्रस्तावित असून महाराष्ट्राचा वाटा १७,३४० चौ. कि.मी. आहे. क्षेत्रफळ दशांशापर्यंत निश्चित करणाऱ्या या प्रक्रियेत ग्रामसभेचे स्थान हरकती नोंदवण्यापुरतेच उरले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

जनसुनावणीची मर्यादा :
१४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार सुनावणीपूर्वी किमान ३० दिवसांची सूचना आणि स्थानिक भाषेतील सारांश आवश्यक आहे. ग्रामस्थाला मराठीत मिळतो तो सारांश. झऱ्यांची नोंद, पाण्याची पातळी, नमुन्यांची ठिकाणे हा तपशील मूळ अहवालात असतो. परिणामी सुनावणीत भावना व्यक्त होतात, पण मोजणीच्या पद्धतीवर आक्षेप घेता येत नाही. मग ‘लोकांचा विरोध भावनिक आहे’ असा शेरा मारणे सोपे जाते.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते, की या वादातील मुख्य दोष मतभेदाचा नसून मतभेद चुकीच्या जागी सुरू होण्याचा आहे. खाण हवी की नको, यापूर्वी खाण म्हणजे काय आणि तिची झळ कोठपर्यंत मोजायची, हे ठरवण्यात सड्याखालच्या गावाला वाटा मिळाला पाहिजे. त्यासाठी संपूर्ण मूल्यांकन अहवाल मराठीत उपलब्ध होणे आणि पावसाळ्यासह किमान एका पूर्ण वर्षाची पायाभूत नोंद होणे अगत्याचे आहे. झऱ्यांच्या प्रवाहाची मासिक नोंद ठेवणे जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या भूगोल, रसायनशास्त्र व वनस्पतिशास्त्र विभागांच्या आवाक्यात आहे. बादली आणि घड्याळ एवढ्या साधनांवरही ती सुरू होऊ शकते. अशी नोंद हाती असल्यास ‘आमचा झरा आटला’ हे वाक्य जनसुनावणीत तक्रार म्हणून ऐकले जाणार नाही. त्याला पुरावा म्हणून उत्तर द्यावे लागेल.