लुटलेले सोने, वाटलेले सोने

अद्भुतरम्य संगणकीय खेळांत नायक सोने मिळवतो आणि खर्च करतो, ही बाब समीक्षक बहुधा हिशेबाची म्हणून बाजूला ठेवतात. त्यांचे लक्ष कथानक, पात्रे आणि दृश्यसृष्टी यांकडे जाते. वस्तुतः या प्रकारात कथानक पुढे सरकते ते सोन्याच्या फेऱ्यामुळेच. एखाद्या संहितेत धन कोठून येते, कोणाच्या हाती जाते आणि ‘पुरे’ हा शब्द कोण उच्चारतो, यांवरून तिची मूल्यव्यवस्था ओळखता येते. हा निकष या खेळांनाही लावून पाहावयास हवा.

या प्रकाराचे मूळ 1974 साली प्रसिद्ध झालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या कागदावर खेळल्या जाणाऱ्या खेळात आहे. त्यात भुयारातून सुखरूप बाहेर आणलेल्या प्रत्येक सुवर्णनाण्यामागे नायकाला एक अनुभवगुण मिळे. धन हे पराक्रमाचे केवळ फळ न राहता पराक्रमाचे माप झाले. अनुभव आणि संपत्ती यांचे हे समीकरण पुढे शिथिल झाले, परंतु त्याची छाया संगणकीय खेळांवर राहिली.

1996च्या अखेरीस आलेला ‘डायब्लो’ हे त्याचे स्वच्छ उदाहरण होय. वर ट्रिस्ट्रम नावाचे उद्ध्वस्त होत चाललेले गाव आणि खाली सोळा पातळ्यांचे भुयार, एवढाच त्याचा अवकाश. नायक खाली उतरतो, राक्षस मारतो, सोने उचलतो आणि वर येतो. वर लोहार शस्त्र विकतो. वृद्ध केन 100 नाणी घेऊन सापडलेल्या वस्तूचे गुण सांगतो. लाकडी पायाचा मुलगा वर्ट आपल्याजवळची वस्तू नुसती दाखविण्याचेच 50 नाणी घेतो. गाव संकटात आहे, माणसे मेली आहेत, तरी नायकाला त्यांपैकी कोणालाही नाणे देता येत नाही. त्याला केवळ खरेदी करता येते. खेळाच्या व्याकरणात ‘विकत घेणे’ हे क्रियापद आहे, गावकऱ्यांच्या संदर्भात ‘देणे’ हे नाही.

सीमा ओलांडणे, लूट आणणे आणि परतणे हा रूपबंध मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. दसऱ्याचे सीमोल्लंघन हाच त्याचा घाट. लोक गावाच्या वेशीबाहेर जातात, आपट्याची पाने ‘सोने’ म्हणून लुटतात आणि परत येतात. मात्र परतल्यावर ते सोने दुकानात जात नाही. ते थोरांच्या हाती ठेवले जाते, शेजाऱ्यांना दिले जाते, दुरावलेल्यांशी बोलण्याचे निमित्त होते. पानाला बाजारभाव नसतो, म्हणूनच ते देता येते. कन्हानसारख्या गावातल्या एखाद्या मुलाच्या हाती दसऱ्याच्या दिवशी दोन्ही प्रकारचे सोने येऊ शकते: सायंकाळी आपट्याचे आणि रात्री पडद्यावरचे. दोन्ही खोटे आहे, दोन्ही खेळातले आहे. भेद आहे तो परतीच्या वाटेवर.

नागपूरहून कामठीमार्गे निघालेला रस्ता कन्हान नदी ओलांडून पुढे रामटेककडे जातो. वा. वि. मिराशी यांनी रामटेक हाच ‘मेघदूता’तील रामगिरी असल्याचे प्रतिपादन केले. त्याच कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या पाचव्या सर्गात या प्रश्नाचे दुसरे टोक सापडते. विश्वजित यज्ञात सर्वस्व दान केलेला रघू कौत्साचे स्वागत मातीच्या पात्राने करतो. कौत्साला गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी हवे आहेत. रघू कुबेरावर स्वारी करण्याचे ठरवतो आणि सकाळी कोशागारात सुवर्णवृष्टी झालेली आढळते. येथवरचे कथानक खेळाला मानवणारे आहे. यानंतर मात्र रघू सगळे सोने देऊ करतो आणि कौत्स गुरूच्या देण्यापलीकडे घेण्यास नकार देतो. काव्याचा कळस वृष्टीत नसून या दोन आग्रहांच्या संघर्षात आहे. दसऱ्याच्या लोककथेने हेच सोने आपट्याखाली आणून ठेवले आणि उरलेले सोने लोकांचे केले.

‘डायब्लो’तही सुवर्णवृष्टीचे एक दृश्य आहे, पण ते रचनाकारांनी योजलेले नाही. नायकाला गावात घर नाही, पेटी नाही. नाणी झोळीतली जागा अडवतात. म्हणून खेळणारे ट्रिस्ट्रमच्या चौकात जमिनीवरच नाण्यांचे ढीग मांडून ठेवीत. दुःखी गावाच्या मधोमध पसरलेले हे सोने एकाचेच राहते. ‘पुरे’ म्हणणारा कौत्स या संहितेत नाही.

खेळाला काव्याचे नियम लावणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप येथे संभवतो. त्यात तथ्य आहे. शिवाय अनेकांनी मिळून खेळताना नवख्या सोबत्याच्या पायाशी नाणी टाकून देणारे खेळाडूही असतात. संहितेने न सुचविलेले दान ते तिच्या फटीतून साधतात. परंतु उलट दिशेचा पुरावा अधिक ठळक आहे. 2012 साली आलेल्या ‘डायब्लो 3’मध्ये खऱ्या पैशाचा लिलावबाजार उघडला गेला आणि मार्च 2014मध्ये कंपनीनेच तो बंद केला, कारण खेळाचा गाभाच त्यामुळे दुबळा होत होता. त्याआधीच्या दशकात चीनमध्ये पगारी माणसे बसवून खेळातले सोने जमविण्याचा आणि विकण्याचा धंदा उभा राहिला होता. तेच राक्षस पुन्हा पुन्हा मारण्याच्या त्या कामात खेळ उरला नव्हता. उरली होती ती पाळी.

कन्हानच्या आसपास कामठी कोळसाक्षेत्राच्या खाणी आहेत. जमिनीखाली उतरून मोलाची वस्तू वर आणणे ही तेथे अद्भुतरम्य कल्पना नव्हे. पण खाणकामगाराची पाळी संपते, आणि मजुरी घरी पोहोचून धान्याचे, औषधाचे, मुलांच्या शिक्षणाचे रूप घेते. श्रमाला घर असते म्हणून त्याला शेवट असतो. खेळातल्या नायकाचे सोने अधिक धारदार तलवारीत जाते, ती तलवार अधिक खोल भुयारात नेते आणि तेथे अधिक सोने असते. हा फेरा कंटाळवाणा नाही. त्याची मोहिनी नाकारता येत नाही. मात्र त्याने सीमोल्लंघनाचा पूर्वार्ध घेतला आणि उत्तरार्ध गाळला. वेशीबाहेर जाण्याचे धाडस त्यात आहे. परतल्यावर कोणाच्या दारी जावयाचे, याचे उत्तर नाही.