नावातला रंग

ठाण्याच्या खाडीत थव्याथव्यांनी उतरणाऱ्या पक्ष्यास वर्तमानपत्रे कधी ‘रोहित’, कधी ‘अग्निपंख’ आणि बहुधा ‘फ्लेमिंगो’ म्हणतात. या शेवटच्या नावास इंग्रजी म्हणून नाकारणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की, इंग्रजीतही ते उसनेच आहे. ते पोर्तुगीज-स्पॅनिशकडून आले, आणि बहुतेक अभ्यासक त्याचे मूळ ‘ज्वाला’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात पाहतात. लिनिअसच्या १७५८ च्या ग्रंथातील शास्त्रीय नाव ग्रीक असून त्याचा अर्थ ‘किरमिजी पंखांचा’ असा आहे. म्हणजे लॅटिनची ज्वाला आणि ग्रीकांचा पंख, दोन्ही आपल्या ‘अग्निपंखा’त एकत्र नांदतात!

‘रोहित’ म्हणजे तांबडा. शब्द सुटसुटीत खरा. परंतु या पक्ष्याचे पिल्लू राखी असते, लाली अन्नातील रंगद्रव्यांमुळे मागाहून चढते. मोठ्या जातीचा पक्षी उभा असता फिकटच दिसतो. पंख उघडले की आग दिसते.

खरी फसगत ‘सुरखाबा’ची. बडोदेकरांस गुजरातीच्या सहवासाने तो हाच पक्षी. इंदूर-ग्वाल्हेरकरांस हिंदीच्या सहवासाने तो चक्रवाक. दस्तऐवज एक, मिळकती दोन! अनुवादकाने चौकशीवाचून सही केली, तर चक्रवाकाचा विरह या लंबपादाच्या गळ्यात पडावयाचा.

आमचा कौल ‘अग्निपंखा’स. ‘रोहिता’स मात्र कोणी बेदखल करू नये, वहिवाटीचा हक्क शब्दांनाही असतो.