बाभळीचं झालं अकेशिया

शनिवारवाड्याचं सागवान जुन्नरच्या जंगलातून आलं, दगड चिंचवडच्या खाणींतला, चुना जेजुरीचा. १७३०च्या जानेवारीत पाया घातला आणि १७३२च्या जानेवारीत वास्तुशांत झाली. बैलगाडीच्या पल्ल्यात जे मिळे त्यातून वाडा उभा राहिला, आणि त्याला कुणी ‘लोकल’ म्हटलं नाही.

आज त्याच चिंचवडपासून भोसरी-चाकणपर्यंत सुतारकामाला सर्रास मिळणारं लाकूड म्हणजे खोक्यांचं पाइन. परदेशातून यंत्रं आणि सुटे भाग येतात ते या खोक्यांतून आणि पॅलेटवरून. फळीवर ‘एचटी’ असा शिक्का असतो: लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवला आहे, किडे सोबत आलेले नाहीत. माल उतरला की खोकी भंगारात, आणि तिथून पलंग, टेबल, चहाच्या दुकानाचं बाकडं. याला नाक मुरडायचं कारण नाही. या पट्ट्याचं खरं लोकफर्निचर हेच. पण पाइन मऊ असतं. स्क्रू दोनदा काढून घातला की धरत नाही.

हौशी कार्यशाळांतून आता ‘देशी लाकूड, हातचं काम’ ऐकू येतं. विचारलं तर बहुधा सागवान निघतं. आलापल्ली-बल्लारशाचा साग उत्तम खराच, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना तोच गेला. वखारीतला पुष्कळ साग मात्र आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडींचा. जात इथली, झाड तिकडचं. दुसरी फॅशन पर्जन्यवृक्षाच्या जाड फळीची, मधे निळ्या रेझिनची नदी ओतलेली. हे झाड तर मूळचंच मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. आणि ती नदी मला कधीच आवडली नाही. लाकडाला बोलू न देता त्याच्यावर केलेलं भाषण वाटतं.

मग इथलं काय? खेड-शिरूरच्या बांधावरची बाभूळ. औत, कुळव, गाडीचं चाक, सगळं तिच्यावर चाललं. कापल्यावर गुलाबीसर दिसते, मग उन्हा-हवेनं तांबूस तपकिरी होते. सागापेक्षा जड आणि चिवट. वाळली की पटाशीची धार खाते, म्हणून गावचा सुतार ती ओली असतानाच तासून घ्यायचा. कीड लागू नये म्हणून ओंडके पाण्यात बुडवून ठेवायची रीत होती. आज ती सहसा जळणात जाते. जोधपूरचे कारखाने मात्र याच कुळातल्या लाकडाची टेबलं करून ‘अकेशिया’ या नावानं जगभर विकतात. तेच टेबल पिंपळे-सौदागरच्या फ्लॅटमध्ये ऑनलाइन येतं, आणि घरमालकाला आजोळची बाभूळ आठवत नाही.

दोष कारागिराच्या हाताचा नाही. राजस्थान, उत्तर प्रदेशातून आलेले सुतार प्लाय-सनमायकावर दिवस काढतात. कूस-खाचेचा सांधा मागितला तर करूनही देतात. अडतं ते वाळवण्यापाशी. इंचभर जाडीला वर्षभर सावली, हा जुना ठोकताळा. एवढा वेळ पैसा अडकवून कोण बसेल? घाईनं केलेला खण मे महिन्यात सुळसुळीत सरकतो आणि जुलैत अडकून बसतो. गिऱ्हाईक म्हणतं, देशी लाकूड वाईट. कायद्याचीही गोम आहे. आंबा, फणस, जांभूळ, चिंच ही झाडं १९६४च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत, स्वतःच्या बांधावरची असली तरी परवानगी लागते. ते योग्यच. बाभूळ त्या अनुसूचीत नाही.

माझी खरी तक्रार आखणीबद्दल आहे. आमचे कारागीर सागाच्या रुंद फळ्यांसाठी काढलेली चित्रं बाभळीवर लादतात. ती देते आखूड, वाकडे तुकडे. गाडीचं चाक करणाऱ्यानं हे ओळखलं होतं: तुंब्यात आरे, आऱ्यांवर वाकडे तुकडे, वरून लोखंडी धाव. छोट्या तुकड्यांतून एवढी भक्कम वस्तू आजच्या कुठल्याही शोरूममध्ये मला दिसली नाही. त्या अकलेनं कुणी स्टूल, चौरंग, बाक करायला घेतला, तर सुतारकामाला इथला म्हणावा असा चेहरा येईल. आज तो नाही.

चाकणच्या आसपास तुमचं शेत असेल आणि वादळात बाभूळ पडली, तर जळणवाल्याला फोन करण्याआधी एकदा सुताराला ओंडका दाखवा. ओला असतानाच.